ज्येष्ठांच्या वसाहतीत राजकारणावर बोलायला बंदी घालावी का?

निवांतपंत | १६ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. सूसच्या पुढे, डोंगराच्या कडेला ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या एका वसाहतीत आम्ही दोघं राहतो. भोजनगृह, वाचनालय, आठवड्यातून दोनदा येणारे डॉक्टर आणि टीव्हीचा एक मोठा हॉल, असा सगळा थाट आहे. यंदा सचिवपद माझ्या गळ्यात पडलंय.

परवा रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. तो हॉलमध्ये लावायचा की नाही यावरून जुंपली. एक गट म्हणे, एप्रिलमध्ये पहलगामला माणसं मारली, त्यात आपल्या पुण्याचेही दोघं होते, हा सामना बघायचाच कशाला? दुसरा म्हणे, सरकारने परवानगी दिली, खेळाडू खेळतायत, मग आम्हीच काय घोडं मारलंय? गंमत म्हणजे पहिल्या गटात सरकारचे कट्टर समर्थक आणि कट्टर टीकाकार शेजारी शेजारी बसले होते, त्यामुळे कोणी कोणावर ओरडायचं तेच कळेना. शेवटी एका गृहस्थांनी उठून मेन स्विच बंद केला. लिफ्टही त्याच स्विचवर निघाली. आत एक आजी होत्या. त्यांनी तेवढ्यात अर्धं विष्णुसहस्रनाम म्हणून घेतलं.

सोमवारी समितीने ठराव केला की सामायिक जागांमध्ये राजकीय चर्चा करू नये. नोटीस मला लिहायचीय आणि हात चालत नाहीये. इथला दिवस आकाशवाणीच्या सात-दहाच्या बातम्यांनी उघडतो आणि वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याने मिटतो. यातून राजकारण काढलं तर उरतात गुडघे आणि नातवंडं. तुमच्याकडे काय करतात? बंदी बरोबर आहे का?

खवचट_पेठकर | १६ सप्टेंबर, ११:०२

मसुदा घ्या: "येथे राजकारणावर बोलू नये. बोलल्यास ऐकले जाणार नाही. ऐकल्यास पटणार नाही. दुपारी १ ते ४ यातले काहीही होणार नाही. – समिती."

दुर्वांकुर | १६ सप्टेंबर, ११:३०

घालाच बंदी. आई गेल्यापासून बाबा अशाच एका वसाहतीत आहेत. आयुष्यभर शांत माणूस, आवाज चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. आता रात्री आठ ते दहा वाहिन्या बघतात आणि सकाळी नाश्त्याला दारूगोळा घेऊन उतरतात. गेल्या वर्षी ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शेजारच्या काकांशी अबोला सुरू झाला. दिवाळीला फराळाचं ताट गेलं तेव्हा सुटला. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि पुन्हा जडला. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे मी देतो, म्हणून बोलतोय.

सिंहगड_एक्सप्रेस | १६ सप्टेंबर, ११:४१

निवांतपंत, सात-दहाच्या बातम्यांवरून आठवलं. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा तो वृत्तविभागच बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचं ठरलं होतं. केवढा गदारोळ झाला, आणि निर्णय थांबवावा लागला. त्यात ज्येष्ठ मंडळी पुढे होती. राजकारण नको म्हणणारेही होते हो.

ओसरी | १६ सप्टेंबर, दुपारी १:१५

दुर्वांकुर, तुमच्या बाबांचं नि त्या काकांचं फार छान जमत असणार. अबोला धरायलाही रोज भेटावं लागतं.

मी वसाहतीत राहत नाही. कोथरूडला आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे, दर शुक्रवारी संध्याकाळी बसतो. पूर्वी आमच्याकडेही हेच होतं. पुढच्या दोन रांगांत पुरुष बोलणार, मागे आम्ही बायका ऐकणार आणि मधल्या वेळात चहाचे कप मोजणार. मी अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण लोकसभेचा विषय निघाला की "वहिनी, साखर कमी आहे" एवढंच माझ्या वाट्याला यायचं.

मग आम्ही चौघीजणींनी एक नियम घुसवला. विषय एकच, आणि त्याचा कागद आणायचा. विधेयक आणा, राजपत्र आणा, लोकसभेतलं लेखी उत्तर आणा, निदान छापील बातमी आणा. "काल टीव्हीवर सांगत होते" चालणार नाही. पहिल्या महिन्यात निम्मी माणसं गळाली. राहिली ती मात्र वाचून येतात.

परवाच्या शुक्रवारी विषय म्हणून उपराष्ट्रपतीची निवडणूक घेतली होती. ७८१ मतदार, ७६७ जणांनी मत दिलं, सत्ताधाऱ्यांच्या राधाकृष्णन यांना ४५२, विरोधकांच्या सुदर्शन रेड्डी यांना ३००, आणि १५ मतं बाद! विरोधकांनी तर आपले ३१५ खासदार मतदानाला आल्याचं सांगितलं होतं. म्हणजे रेड्डींना १५ कमी पडली. मग ते १५ आणि हे बाद १५ एकच का? बाद मतं कोणाची हे कळायला मार्गच नाही, कारण मतदान गुप्त. दीड तास यावर बोलणं झालं, आणि "तुमचे ते" "आमचे हे" फार थोडा वेळ झालं. सगळ्यांना एकच नवल, खासदाराचं मत बाद होतंच कसं?

टपालखाते | १६ सप्टेंबर, दुपारी २:०५

ओसरीताई, होतं. त्या मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, नावापुढे पसंतीचा आकडा लिहायचा असतो, आणि तोही तिथे दिलेल्या खास पेनानेच. खिशातलं पेन काढलंत की मत गेलं. २०१६ साली हरियाणात राज्यसभेच्या निवडणुकीत पेनावरूनच काँग्रेस आमदारांची मतं बाद झाली आणि निकाल फिरला.

अजून एक, कारण यात हमखास गल्लत होते. राष्ट्रपती निवडताना आमदार मत देतात, पण संसदेतले नियुक्त सदस्य देत नाहीत. उपराष्ट्रपतीला बरोबर उलट. आमदार नाहीत, नियुक्त सदस्य आहेत. आणि पक्षादेश दोन्हीकडे चालत नाही.

खवचट_पेठकर | १६ सप्टेंबर, २:११

म्हणजे १५ खासदारांना आमच्या पेन्शनरांसारखं हयातीच्या दाखल्यावर चार वेळा सही करायला लावली पाहिजे. सवय होईल.

आणीबाणीतला | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

पंत, नोटीस लिहू नका.

मी आणीबाणीत विद्यार्थी होतो. सत्याग्रह केला आणि येरवड्याला गेलो. बराकीत संघाचे, समाजवादी, सर्वोदयी, सगळे कोंबलेले. सकाळी दात घासताना सुरू झालेला वाद रात्री कंदिलाबरोबर विझायचा. तुरुंगात राजकारणावर बोलायला बंदी नव्हती, एवढं तुमच्या समितीला कळवा.

आता मी राहतो तिथे बागेत एक बाक आहे. शेजारी बसणारे गृहस्थ त्या काळात सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांच्या मते ते दिवस सोन्याचे, लोक साडेदहाच्या ठोक्याला टेबलावर असायचे. रोज भांडतो आम्ही. १९७७ ला पुण्यातून मोहन धारिया जनता पक्षाचे म्हणून निवडून आले, त्याआधी १९७१ ला तेच काँग्रेसचे म्हणून आले होते. हे महाशय छाती काढून सांगतात, "मी दोन्ही वेळा धारियांनाच दिलं. निष्ठा म्हणतात ती ही."

आमच्यासारख्यांना राज्य सरकारचं मानधन २०१८ ला सुरू झालं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला परत सुरू झालं. मुंबईत सरकार बदललं की त्या संध्याकाळी चहा कोणी पाजायचा ते आमच्या बाकावर ठरतं. हे तुम्ही कोणत्या कलमाखाली बंद करणार?

ओसरीताईंचा कागदाचा नियम मला पटला नाही. ती शाळा झाली. माणूस चिडला नाही तर त्याला खरं काय वाटतं ते कळत नाही.

ओसरी | १६ सप्टेंबर, ६:४५

चिडायला आमची ना नाही. पण तुम्ही चिडता तेव्हा तुम्ही दोघंच बोलता, बाकी वीस जण ऐकतात. त्यांचं काय?

पिंपरीकर_७४ | १७ सप्टेंबर, सकाळी ८:५०

सगळे प्रतिसाद वाचले. राग मानू नका. तुमच्याकडे भोजनगृह आहे, हॉल आहे, लिफ्ट आहे. महिन्याचं शुल्क किती ते विचारत नाही.

मी पिंपरीत एका खासगी कारखान्यात फिटर होतो. मला महिना २,१०० रुपये पेन्शन येते. भविष्य निधीची जी पेन्शन योजना आहे ना १९९५ ची, ती. तिच्यात किमान पेन्शन १,००० रुपये, आणि ती सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच आहे. महागाई भत्ता नाही. आमची मागणी साडेसात हजार आणि वर भत्ता. दिल्लीला जाऊन बसलो, निवेदनं दिली, खासदार फोटो काढून घेतात.

आमच्या कट्ट्यावर टीव्ही नाही, त्यामुळे स्विचही नाही. पण तिथे कोण जिंकलं यापेक्षा आमचं कधी होणार हेच बोलणं असतं. सामना बघावा की बघू नये यावर तुमच्याकडे बैठक आणि ठराव होतो याचं मला नवल वाटलं.

निवांतपंत | १७ सप्टेंबर, ९:३०

राग कसला? आमच्याकडे बहुतेक बँका, विमा, सरकारी आणि लष्करातले. भत्ता वाढला की भोजनगृहात पेढे येतात. तुमच्या योजनेचा विषय इथे एकदाही निघालेला नाही, हे खरं आहे.

ठाम_मत | १७ सप्टेंबर, १०:१५

मुद्दा निघालाच आहे तर समितीने असा नियम करावा: ज्येष्ठांच्या प्रश्नांवर बोला, बाकी पक्षीय धुणी नकोत. पेन्शन, सत्तरीपुढच्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड, रेल्वे, मुदतठेवींचं व्याज. सगळ्यांच्या हिताचं, भांडण नाही.

सिंहगड_एक्सप्रेस | १७ सप्टेंबर, १०:२२

भांडण नाही? बरं, मी रेल्वे घेतो. पुरुषांना साठीनंतर ४० टक्के, बायकांना अठ्ठावन्ननंतर ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या नावाखाली बंद केली. करोना गेला, सवलत काही आली नाही.

ठाम_मत | १७ सप्टेंबर, १०:३१

रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलंय की प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट मिळतेच. खर्चाच्या निम्म्यात तिकीट मिळतंय. नवे रूळ, नव्या गाड्या, स्टेशनं, हे पैसे येणार कुठून? ज्यांना परवडतं त्यांनी मागू नये.

सिंहगड_एक्सप्रेस | १७ सप्टेंबर, १०:३८

ती ४६ टक्के पंचविशीतल्या पोरालाही मिळते, मग ज्येष्ठांची सवलत कुठे राहिली? संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेच सांगितलंय की निदान स्लीपर आणि थर्ड एसीला तरी परत देण्याचा विचार करा. ती समिती काही विरोधकांची नाही, तिचे अध्यक्ष सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते.

ठाम_मत | १७ सप्टेंबर, १०:४४

खालचा बर्थ मिळतो ना आपोआप?

सिंहगड_एक्सप्रेस | १७ सप्टेंबर, १०:४७

मिळतो, असला शिल्लक तर! आणि मिळाला की वरचा पोरगा येऊन विचारतो, "काका, अदलाबदल करता का, पाय दुखतोय."

खवचट_पेठकर | १७ सप्टेंबर, १०:५०

"सगळ्यांच्या हिताचं, भांडण नाही" हा प्रयोग अर्ध्या तासात संपन्न. पुढचा प्रयोग मुदतठेवींच्या व्याजावर. मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

व्यवस्थापन | १७ सप्टेंबर, दुपारी १२:००

पक्षांच्या नावांची विडंबनं असलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चालला आहे, तसाच चालू द्या.

दुर्वांकुर | १७ सप्टेंबर, रात्री ९:१०

एक खोचक प्रश्न. इतकं बोलणारी ही पिढी मतदानाला जाते का? २०१९ ला पुणे लोकसभेचं मतदान पन्नास टक्क्यांनाही टेकलं नव्हतं, गेल्या वर्षी कसंबसं त्रेपन्नच्या पुढे सरकलं.

टपालखाते | १७ सप्टेंबर, ९:४०

जाते हो. रांगेत सकाळी सातला छत्री-पाणी घेऊन कोण उभं असतं ते एकदा उठून बघा.

आमच्या घरचं सांगतो. सासूबाई नव्वदीच्या पुढे. पंच्याऐंशीच्या वरच्यांना आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना घरून मत देता येतं. आधी वयाची अट ८० होती, २०२४ च्या मार्चमध्ये ८५ केली. नमुना १२-ड वेळेत भरून द्यावा लागतो, अधिसूचना निघाल्यापासून पाचच दिवस मिळतात. आणि एकदा भरलात की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे लक्षात ठेवा.

कर्मचारी, पोलीस, कॅमेरावाला असे सगळे आले. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मी सहज म्हणून डोकावलो तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, स्वयंपाकघरात बसा." कोणाला दिलं ते आजतागायत सांगितलेलं नाही. त्यांच्या खोलीत दिवसभर बातम्या चालू असतात आणि स्वतःचं मत शून्य शब्दांत. तुमच्या समितीला असा सभासद आवडेल.

ओसरी | १७ सप्टेंबर, ९:५२

सासूबाईंना माझा दंडवत.

निवांतपंत | २० सप्टेंबर, दुपारी २:३०

नोटीस अजून लिहिलेली नाही. आज मात्र हॉलमध्ये जे झालं ते सांगितल्यावाचून राहवत नाही. ट्रम्प यांनी काल सही केली, अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या अर्जाला एक लाख डॉलर. कंपन्यांनी आपल्या लोकांना मेल पाठवले की जे बाहेर आहेत त्यांनी तातडीने परत या. आपल्या घड्याळाने मुदत उद्या रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत. आमच्याकडे निम्म्या घरांतली मुलं तिकडे. त्यातली एक मुलगी वडिलांच्या मोतीबिंदूसाठी आलेली, सामान बांधून बसलीय आणि तिकीट मिळत नाहीये.

आता सगळे एक होतील असं मला वाटलं होतं. छे! भांडण दुप्पट झालं. एक म्हणे, ऑगस्टमध्ये मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं तेव्हाच कळायला हवं होतं, आपलं परराष्ट्र धोरण झोपलंय. दुसरे म्हणे, झुकलो नाही म्हणून तर तो चिडलाय. तिसरे म्हणाले, "येऊ देत पोरं परत, देशाचं भलंच होईल." त्यावर त्यांच्याच सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "आणि या वन-बीएचकेत झोपणार कुठे?"

ईशान्यवारा | २० सप्टेंबर, रात्री ११:२०

मी न्यू जर्सीत असते आणि माझे बाबा पुण्यात अशाच एका वसाहतीत. शुक्रवारी रात्री दीडला त्यांचा फोन. "आत्ताच्या आत्ता अमेरिकेला नीघ." मी म्हटलं, बाबा, मी अमेरिकेतच आहे, झोपलेय. तर म्हणाले, "मग हलू नकोस."

पण खरं सांगते, माझ्या कंपनीचा मेल त्यानंतर आला. बाबांच्या चहाच्या टेबलावर कोणीतरी ती घोषणा पूर्ण वाचून आलं होतं. आता व्हाइट हाउसने स्पष्ट केलंय की हे फक्त नव्या अर्जांना आहे, एकदाच भरायचंय, आणि आधीच व्हिसा असलेल्यांच्या ये-जा करण्यावर परिणाम नाही. निवांतपंत, त्या मुलीला कृपया कळवा.

दुर्वांकुर, तुमचं पटलं नाही. माझे बाबा वाहिन्या बघतात तेव्हा मलाही काळजी वाटते. पण पूर्वी त्यांच्या फोनवर "जेवलीस का"च्या पुढे काही नसायचं. आता अर्धा तास बोलतात. त्यातली पंचवीस मिनिटं मला पटत नाहीत, तरी मी फोन ठेवत नाही.

निवांतपंत | २१ सप्टेंबर, सकाळी ७:०५

कळवलं. ती झोपली होती, वडील जागे होते. आभार.

दुर्वांकुर | २१ सप्टेंबर, १०:३०

ठीक आहे. बंदी नको, पण रात्री आठ ते दहा मेन स्विच बंद करायला माझा पाठिंबा आहे.

ठाम_मत | २२ सप्टेंबर, सकाळी ९:००

सर्वांना घटस्थापनेच्या शुभेच्छा. आजपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य. चांगल्याला चांगलं म्हणायला शिका, मंडळी.

सिंहगड_एक्सप्रेस | २२ सप्टेंबर, ९:०८

चांगलं! २०१७ पासून लावला कोणी होता, तेही एकदा म्हणा. आणि कंपन्यांना आता त्यांच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळणार नाही, ती त्या मूळ हप्त्यात घालतात का ते पुढच्या वर्षी बघू. माझ्या पॉलिसीची तारीख १९ होती, त्यामुळे मी १८ टक्के भरून शुभेच्छा स्वीकारतो.

खवचट_पेठकर | २२ सप्टेंबर, ९:१२

यांना एका वसाहतीत शेजारी शेजारी घर द्या. तिकीट लावू.

निवांतपंत | २३ सप्टेंबर, सायंकाळी ५:४०

काल समितीची बैठक झाली. ठराव मागे घ्यायला कोणी तयार नाही, कारण मग चूक कोणाची हा नवा विषय निघतो. पण "सामायिक जागा" म्हणजे नेमक्या कोणत्या हे ठरवायचं काम माझ्यावर सोपवलं. मी यादी केली: भोजनगृह, टीव्हीचा हॉल, जिना, लिफ्ट. वाचनालय यादीत नाही, कारण त्याची किल्ली माझ्याकडे असते. बाग यादीत नाही, कारण आणीबाणीतला यांचा प्रतिसाद मी बैठकीत वाचून दाखवला. अध्यक्ष स्वतः १९७५ ला सरकारी नोकरीत होते, ते काही बोलले नाहीत.

येत्या शुक्रवारी, २६ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता वाचनालयात पहिली बैठक. ओसरीताईंचा कागदाचा नियम घेतलाय, फक्त शेवटची वीस मिनिटं बिनकागदाची ठेवलीत, चिडणाऱ्यांसाठी. पहिला विषय भविष्य निधीची १९९५ ची पेन्शन योजना.

पिंपरीकर, तुम्ही येऊन सांगाल का? इथल्या कोणालाच त्यातलं कळत नाही. ठाम_मत आणि सिंहगड, तुम्हीही या, पण वेगवेगळ्या रिक्षाने.

आणीबाणीतला | २३ सप्टेंबर, ६:०५

वीस मिनिटं कमी आहेत.

पिंपरीकर_७४ | २३ सप्टेंबर, रात्री ८:१५

येतो. बरोबर आणखी दोघं आणले तर चालतील का? त्यातल्या एकाचा आवाज मोठा आहे, माइक लागणार नाही. आणि सूस गावाच्या पुढे बस येते की चालावं लागतं?

निवांतपंत | २३ सप्टेंबर, ८:२०

तिघंही या. मी गाडी घेऊन सूसच्या थांब्यावर उभा राहतो.

टपालखाते | २३ सप्टेंबर, ८:४२

पिंपरीकर, पेन्शनच्या सूत्राचा कागद मात्र आणा, नाहीतर ओसरीताई दारातून परत पाठवतील. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०.

पिंपरीकर_७४ | २३ सप्टेंबर, ८:५०

ते पाठ आहे साहेब. तो ७० चा आकडा कुठून आला तेवढं तुमच्यापैकी कोणी शोधून ठेवा. मी अकरा वर्षं विचारतोय.